पावणेदोन हात

बाबा मोजणीदार होते.
घरात टेबल बोटभर सरकवलं तरी त्यांना कळायचं,
आमटीत मीठ नसलं तर मात्र नाही.

आकाशीच्या सामुद्रधुनीत तेव्हा दोनच मनोरे उभे होते,
एकमेकांपासून इतके लांब
की पृथ्वीच्या गोलाईपायी त्यांचे माथे
पायथ्यांपेक्षा नऊ सेंटिमीटर दूर.
पाहुण्याचा चहा ओतून व्हायच्या आत
बाबा हे सांगून मोकळे व्हायचे.

मनोऱ्यांवरून केबल गेल्या होत्या,
पाच मिलिमीटरच्या तारा, एकेका जुडीत छत्तीस हजारांवर.
रस्ता अजून टांगायचा होता.
खाली नुसतं पाणी, भोवरे, आणि पलीकडे आवाजी बेट.

बेटावर बाबांचे थोरले भाऊ, सादाइचीकाका, कांदे लावायचे.
पुलाच्या रस्त्यासाठी आजोबांचं वरचं शेत गेलं.
कागदावर सही बाबांची.
त्यावर नऊ वर्षं लोटली. नववर्षाचं कार्डसुद्धा नाही.
आई म्हणायची, यांच्यात अंतर पडलं.
बाबा विचारायचे, किती?
हसायचं की नाही ते आम्हाला कळायचं नाही.

मग जानेवारीतली ती पहाट, सहाला चौदा मिनिटं कमी.
आईच्या अंथरुणावर कपाट आडवं झालं.
आई भात लावायला उठली होती.

चौथ्या दिवशी बाबा यंत्र घेऊन धक्क्यावर गेले.
मोजलं. सदऱ्यानं भिंग पुसलं.
पुन्हा मोजलं.
तिसऱ्या वेळी नोसे नावाच्या पोराला डोळा लावायला सांगितलं,
आकडा न सांगता.
त्यालाही तोच आला.

मनोरे उभे होते. तार तुटली नव्हती.
समुद्रच रुंद झाला होता,
ऐंशी सेंटिमीटर.
संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर कोपर टेकलं,
बोटाच्या टोकाशी खूण केली,
मग तिथून पुढे पुन्हा. पावणेदोन हात.
एवढंच, म्हणाले,
आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.

कचेरीत नकाशे पुन्हा उघडले गेले.
कापड कमी पडलं की शिंपी जोड देतो,
तशा तुळया थोड्या वाढवायच्या ठरल्या.
कुणी समुद्राला बोल लावला नाही.

आई स्टोव्ह बांधून देत म्हणाली,
आपल्या माणसाला अंतर देऊ नये.
बाबा बोटीनं गेले.

काकांचं घर बसलं होतं.
कांदे टांगायची झोपडी तेवढी उभी,
तिला भिंतीच नव्हत्या, पडणार काय?
पुढचं मी नोसेकडून ऐकलं, तो ओझं घेऊन बरोबर होता.
शेतातून भेग गेली होती.
कांद्याच्या ओळी मधोमध तुटून
अर्धं शेत उजवीकडे सरकलेलं,
जणू कुणी वही फाडून चुकीची चिकटवली.
काका भेगेपलीकडे उकिडवे बसलेले.
उठले नाहीत.
म्हणाले, मोजणीदार ना तू? कर सरळ.

बाबांनी खिशातून दोरी काढली.
एक टोक फेकलं.
काकांनी ते धरलं का, हे नोसेला आठवत नाही,
त्याचं लक्ष बोटीच्या वेळेकडे होतं.
दोरी ताणलेली दिसली, म्हणतो.

तीन वर्षांनी पूल खुला झाला.
मी आता त्याच केबलची देखभाल करते.
आत कोरडी हवा सोडतो आम्ही, तारांना गंज चढू नये म्हणून.
दमटपणाचा आकडा रोज लिहायचा. कान लावला तर बारीक सुस्कारा येतो.
बाबांना हे सांगितलं तेव्हा
त्यांनी फक्त आकडा विचारला.

सादाइचीकाका अखेरपर्यंत आमच्याकडे बोटीनंच आले,
पाठीवर कांद्याचं पोतं घेऊन.
पुलाचा टोल परवडत नाही म्हणायचे,
आणि दारातच बाबांना विचारायचे,
वाढलं की काय रे अजून?